येता-जाता खाणं सुटून ताट भरलं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

मागच्या नोव्हेंबरात तपासणी केली तेव्हा माझी उपाशीपोटीची साखर 112 आली. वजन 71 किलो, उंची 155 सेंटीमीटर, कंबर 92. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला: आपल्या भारतीय बांध्याला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23च्या आत हवा, बाईची कंबर 80च्या आत. माझ्या उंचीला म्हणजे साधारण 55 किलो. मी म्हटलं, "डॉक्टर, मी फारसं जेवतच नाही हो." आणि ते खरंच होतं. दुपारी एक पोळी आणि डावभर भाजी, बस. ते म्हणाले, तीन दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहून आणा.

ती वही मी जपून ठेवली आहे. पहाटे साडेपाचला चहा आणि दोन बिस्किटं. मुलांचे डबे भरताना पोळीचा तुकडा, पातेल्यात उरलेली भाजी. अकराला चहा, चकली. दीडला ती एक पोळी. चारला चहा आणि वाटीभर चिवडा. डोंबिवलीला उतरून घरी आल्या आल्या पुन्हा चहा, मग कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत शेंगदाणे नाहीतर शेव. रात्री साडेनऊला मात्र पोटभर जेवण. चहाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम.

वही वाचताना मला एक गोष्ट दिसली. अकराची चकली खाल्ली म्हणून दीडला भूक नसायची, आणि दीडला जेवले नाही म्हणून चारला चिवडा लागायचा. डबे वरच्या फळीवर ठेवून हे थांबणार नव्हतं, ते मी पूर्वी दोनदा करून पाहिलं होतं. म्हणून या वेळी काही बंद करायच्या आधी मी दुपारचं जेवण वाढवलं.

पहिल्या आठवड्यात चुकले. जेवण वाढवलं म्हणजे भाजी आणि काकडी-गाजर वाढवलं. पोट तट्ट भरायचं आणि पाचला कडकडून भूक. एका गुरुवारी शंकरपाळ्यांचा डबा अर्धा संपवला. मग आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, तुझ्या डब्यात वरण कुठे आहे?" तेव्हापासून डब्यात घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, दोन फुलके नाहीतर एक ज्वारीची भाकरी, मोठी वाटी भाजी, कोशिंबीर, आणि बाटलीत ताक. सकाळी साडेआठला पोटभर नाश्ता. रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठला आणलं. हे सगळ्यात कठीण गेलं, कारण घरातल्या सगळ्यांनाच आपापल्या वेळा बदलाव्या लागल्या. चारचा चहा ठेवला, साखर अर्धा चमचा.

सात महिन्यांत 71 चे 64.5 झाले, कंबर 84, साखर 98. अजून वाट आहे.

तुम्हीही लिहा. किती वाजता काय खायचात, जेवणात नेमकं काय बदललं, कुठे फसलं. फसलेलं जरूर लिहा, त्यातून दुसऱ्याचे महिने वाचतात. पावडरी आणि शेक विकणाऱ्यांनी कृपया इथे लिहू नये.

*

हिंजवडी, पुणे

वय 34, आयटी. माझी गाडी दोन टोकांमध्ये अडकली होती. बायको आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी थोडं थोडं खायची, आणि तिला ते मानवलं. तिच्या डब्यात फळ, मूठभर दाणे, पोहे असं घरचंच असतं. मी 'दर दोन तासांनी' एवढंच उचललं आणि कॅन्टीनमध्ये जे दिसेल ते खाल्लं. वर्षभरात 9 किलो वाढले.

मग डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं भाषण ऐकलं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतःच सांगतात. कडक भूक लागेल त्या दोन वेळा जेवायचं, 55 मिनिटांत जेवण संपवायचं, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. तीन महिने मनापासून केलं, 6 किलो उतरले. येता-जाता तोंडात टाकायची सवय मोडली ती तेव्हाच, त्याचं श्रेय मी त्यांनाच देईन. पण माझी शिफ्ट दर महिन्याला बदलते. रात्रपाळीत दोन जेवणं बसेनात, पहाटे चारला डोकं दुखायचं.

आता तीन जेवणं. रात्रपाळी असली तरी तीनच: निघताना सातला, मध्यरात्री डब्यातलं गरम करून, आणि सकाळी घरी अंडी-भाकरी. मधे पाणी नाहीतर बिनसाखरेचा चहा. गेलं दीड वर्ष वजन 74 ते 75 मध्ये आहे. मला वाटतं, आपल्या घड्याळाला जे झेपतं तेच टिकतं.

*

नाशिक

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून डोंबिवलीच्या ताईंच्या वरणाबद्दल थोडं सांगते. 30 ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यातून 6. पण आपली रोजची आमटी बहुतेक घरांत इतकी पातळ असते की वाटीत डाळ जेमतेम दोन चमचे येते. जेवून दोन तासांत तोंड चाळवतं त्याचं हे मोठं कारण. पोट रिकामं नसतं, पण प्रथिनं आणि चोथा कमी पडलेला असतो.

दुसरं तेलाचं. तेलाच्या एका ग्रॅममागे 9 कॅलरी, पीठ आणि डाळीतल्या पिष्टाच्या, प्रथिनांच्या ग्रॅममागे 4. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी जातात. ती टीव्हीसमोर वीस मिनिटांत संपते, आणि तिच्यामुळे रात्रीचं जेवण फारसं कमी होत नाही. दोन फुलके, वाटीभर घट्ट वरण, भाजी, कोशिंबीर हे सगळं मिळून तेवढं होत नाही.

मात्र मधल्या वेळचं खाणं सगळ्यांनीच सोडायचं नसतं. गरोदर बायका, लहान मुलं, इन्सुलिन घेणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले, यांना ते लागतं.

*

सांगोल्याजवळून

वरच्या ताईंनी शेवटी लिहिलं ते माझ्या अंगावर आलेलं आहे, म्हणून लिहितो. एस.टी.त 31 वर्षं ड्रायव्हर होतो. जेवणाला वेळ अशी नव्हतीच. स्टँडवर गाडी लागली की चहा-भजी, पुढच्या स्टँडवर चहा-वडा. मुक्कामी गाडी असली की रात्री साडेदहाला धाब्यावर. निवृत्त झालो तेव्हा वजन 88 आणि मधुमेहाला आठ वर्षं झालेली.

घरी आल्यावर मंडळींनी मनावर घेतलं. सकाळी नऊला भाकरी, पालेभाजी, शेंगाचटणी, दही. दुपारी दीडला आमटी-भाकरी, कांदा, मुळा. संध्याकाळी साडेसातला परत तसंच, थोडं कमी. मधलं सगळं बंद. पंधरा दिवस झकास गेले. सोळाव्या दिवशी नऊला जेवायचं राहून गेलं, शेतात मोटारीचं काम निघालं होतं. अकराच्या सुमाराला दरदरून घाम फुटला, हात लटपटायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली. मंडळींनी साखरेचं पाणी पाजलं. शेजारच्या पोराकडं यंत्र होतं, त्यात साखर 58 दाखवली, तीसुद्धा पाणी प्यायल्यावर.

मी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होतो. ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा नाहीतर न जेवा. पूर्वी दिवसभर चरत होतो म्हणून ते कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, चार महिन्यांनी बंदच केली. आज वजन 77 आहे. पण खाणं बदलायच्या आधीच त्यांना विचारायला पाहिजे होतं. गोळ्या चालू असणाऱ्यांनी कृपा करून पहिलं डॉक्टरांना सांगावं, मग ताट बदलावं. खिशात साखरेची पुडी मी अजून ठेवतो.

*

फोंडा, गोवा

आमच्याकडे पोदेर (पाववाला) सकाळी येतो आणि संध्याकाळीही येतो. त्याच्या सायकलचा भोंगा वाजला की दुकानातून हात आपोआप बाहेर जातो. सकाळी उंडे (गोल पाव), संध्याकाळी चहात बुडवायला काकणं (बांगडीसारखे कडक पाव). दहाला शेजारच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव आणि एक मिरची. दुपारी घरी हुमण (मासळीची आमटी) आणि भात, पण दोन घासांत उठायचो. पाचला काकणं, सातला भजी.

मी पाव सोडला नाही. तो सोडायला सांगणारे बरेच भेटले. मी त्याची जागा बदलली. सकाळी आठला कोंडा लावलेली पोळी (आमच्याकडची पोळी म्हणजे पावच), तिच्याबरोबर अळसांद्यांचं (चवळीसारखं कडधान्य) तोणाक, म्हणजे रस्सा, पोटभर. दुपारी उकड्या तांदळाचा भात पूर्वीपेक्षा निम्मा, मासळी दुप्पट, आणि एक सुकी भाजी. रात्री आठला पेज आणि दुपारच्यातलं काही. काकणं आता रविवारीच. एका वर्षात 7 किलो कमी झालो. दहा वाजताचं हॉटेल सुटलं तेव्हा मित्र सुटतील अशी भीती होती. अजून जातो, काळा चहा घेऊन बसतो.

*

कोल्हापूर

आमचा प्रश्न उलटा होता. मुलगी नऊ वर्षांची, वजन 19 किलो. जेवत नाही म्हणून सगळे तिच्या मागे. सकाळी दूध-बिस्किट, शाळेतून आली की दूध, मग चिप्स, मग 'निदान एवढं तरी खा' म्हणून केक. जेवायला बसली की दोन घासांत "पोट भरलं". सासूबाई घास घेऊन घरभर फिरायच्या. बालरोगतज्ज्ञांनी वजनाचा तक्ता पाहिला, रक्त तपासलं आणि म्हणाले, हिला भूक लागायला वेळ द्या.

ठरवलं: तीन जेवणं आणि शाळेतून आल्यावर एकदाच खाणं, तेही टेबलावर बसून. एरवी पाणी. पहिले चार दिवस फार वाईट गेले. ती रडली, सासूबाईही रडल्या, मला वाटलं आपण क्रूर आहोत. पाचव्या दिवशी रात्री तिने स्वतःहून वरण-भात परत मागितला. सासूबाईंनी तूप वाढलं आणि काही न बोलता आत गेल्या.

आठ महिन्यांत 19 चे 23 झाले. चरणं बंद केल्याने वजन वाढलेलं इथे कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

*

नवी पेठ, पुणे

स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पैसे वाचवायला मेस एका वेळेची केली. रात्रीच्या जेवणाऐवजी वडापाव, अभ्यासिकेखाली चहा-क्रीमरोल, रात्री एकला मॅगी. एका महिन्याचा खर्च लिहून काढला तर दोन वेळच्या मेसपेक्षा चारशे रुपये जास्त जात होते. घरून पैसे कसे येतात ते माहीत असल्यामुळे ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मेस दोन्ही वेळची केली, मावशींना सांगून भात कमी, उसळ जास्त घेतो. दुपारची झोप गेली. वजन केलेलं नाही, पँट सैल झाली आहे.

*

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

बँकेत आहे. आठवड्यात दोन तरी वाढदिवस, म्हणजे समोसा आणि केक. नाही म्हणवत नाही, माणसं प्रेमाने देतात. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून वाढदिवस पावणेदोनला, डबे उघडताना करायचं ठरवलं. जेवणाबरोबर अर्धा समोसा पुरतो. पाचला तोच दीड जायचा.

*

सातारा

मी 61 वर्षांची. हे दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर स्वयंपाक करावासा वाटेना. एकटीसाठी कुकर काय लावायचा, फोडणी काय घालायची. सकाळी चहा-खारी, दुपारी चुरमुरे, संध्याकाळी टोस्ट, रात्री टीव्ही लावून हाताला येईल तो डबा. मुलगी फोनवर विचारायची, जेवलीस का? मी हो म्हणायची. मलाही वाटायचं, आपण काही खातच नाही. दीड वर्षात 8 किलो वाढले आणि गुडघे धरले.

मुलगी दिवाळीला आली आणि तिने फ्रिज उघडून पाहिला. त्यात दूध, लोणचं आणि औषधं होती. ती रागावली नाही. शेजारच्या वहिनींकडे गेली आणि बराच वेळ बसली. त्याही एकट्याच, त्यांचा मुलगा कॅनडात. दुसऱ्या दिवसापासून आमचं ठरलं. भाकरी त्या करतात, त्यांचा हात चांगला आहे. आमटी-भाजी माझ्याकडे. दुपारी साडेबाराला त्यांच्या ओट्यावर, रात्री साडेसातला माझ्याकडे. ताटं वाढून समोरासमोर बसतो, टीव्ही लावत नाही.

डबे मी बंद केले नाहीत, ते हळूहळू रिकामे राहायला लागले. कारण रात्री जेवून त्या साडेआठला गेल्या की मला झोप येते. 8 पैकी 5 किलो उतरले आहेत, जिना चढताना कठडा धरावा लागत नाही. मधे त्या आठ दिवस भावाकडे गेल्या, तेव्हा मला वाटलं पुन्हा चुरमुऱ्यांवर येणार. पहिल्या दिवशी आलेही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः भाकरी थापली. जाड झाली, एका बाजूला करपली, पण ताटात वाढून, शेजारी कांदा ठेवून बसून खाल्ली. वहिनी काल परत आल्या. आज मेथीची पातळ भाजी करते आहे, त्यांना लसूण जास्त लागतो.