एफ-१५० चा मागचा हब बोल्ट, रिकॉल कसा तपासायचा?

प्रश्न: अमेरिकेत २०२२ ची सेकंड हँड फोर्ड एफ-१५० पिकअप बघतोय, मॅक्स टो पॅकेजवाली (जड ट्रेलर ओढायचं पॅकेज). मागच्या हबच्या (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बोल्टसाठी कंपनीने रिकॉल काढलाय, म्हणजे दोष फुकट दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्यात; त्यात ही येते का? नेमकं काय तुटतं?

उत्तर १: येऊ शकते. डिसेंबर २०२३ चा रिकॉल, २०२१ ते २०२३ च्या सुमारे १,१३,००० गाड्या, मॅक्स टो पॅकेज आणि ९.७५ इंची मागच्या ॲक्सलच्या (चाकं फिरवणारा दांडा). बोल्ट थकून तुटला की हबमधल्या स्प्लाइनचे दाते, म्हणजे ॲक्सलची ताकद चाकाला देणारे दाते, खराब होतात. पार्कचं कुलूप गिअरबॉक्समध्ये असतं, चाकात नाही. दाते गेले की पार्कमध्ये असूनही गाडी उतारावरून घरंगळते. चालत्या गाडीत चाकाला ताकदच पोचत नाही.

उत्तर २: म्हणून दरवेळी पार्किंग ब्रेक लावायचाच, तो थेट चाक धरतो. टेस्ट ड्राइव्हला काचा खाली, रेडिओ बंद. मागून कटकट किंवा खडखड आली तर सौदा तिथेच थांबवा.

उत्तर ३: आवाज नाही म्हणजे बोल्ट ठीक, असं नाही हं. डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसणारा १७ अक्षरी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या, साइटवर टाका. तिथे फक्त बाकी राहिलेले रिकॉल दिसतात. झालेल्या कामाची पावती विकणाऱ्याकडे मागा. मालक बदलला तरी रिकॉलचं काम फुकटच.