शब्दचर्चा: जडत्व, फिजिक्समधलं आणि संसारातलं

जळगाव
मंडळी, एक शब्द अडलाय. लग्नाआधीच्या समुपदेशनावरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात इनर्शिया हा शब्द सारखा येतो, एकत्र राहणाऱ्या जोडप्यांबद्दल. मी सरळ 'जडत्व' लिहिलं तर मैत्रीण म्हणाली, वाचून वाटतं दोघं आळशी झालेत, सोफ्यावर पडून असतात. म्हणायचंय उलटं. म्हणजे बघा, पोरगापोरगी पुण्यात जॉबला, भाडं वाचतं म्हणून एका फ्लॅटमधे राहायला लागतात, मग वॉशिंग मशीन दोघांचं, गाडीचा हप्ता दोघांचा, आणि काही वर्षांनी लग्न होतं, पण 'आपण लग्न करायचं का' हा प्रश्न कोणी कोणाला नीट विचारलेलाच नसतो. साचलेपणा, जडता, ओघ, रेटा, सगळं लिहून खोडून झालंय.

अमळनेर
ताई, मैत्रिणीचं काही चुकत नाही. मी शाळेत सायन्स शिकवतो. पुस्तकात जडत्वाचे तीन प्रकार, विराम अवस्थेतलं, गतीचं आणि दिशेचं. पहिला पोरांना लगेच कळतो कारण जड म्हणजे हलत नाही ते. दुसऱ्याला हमखास प्रश्न येतो, सर, जे पळतंय ते जड कसं? आणि ही अडचण एकट्या मराठीची नाही बरं का, लॅटिनमधे इनर्शियाचा अर्थच मुळी आळस, निष्क्रियपणा, आणि केप्लरने तो शब्द फिजिक्समधे आणला तेव्हा त्यालाही तेवढंच म्हणायचं होतं, की ढकलणारं कोणी नसलं की वस्तू आहे तिथे थांबते. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडता सोडता विचार केला की घर्षण काढून टाकलं तर सपाटीवर गोळ्याला थांबायला कारणच उरत नाही, आणि १६८७ ला न्यूटनने दोन्ही एका नियमात बसवलं, थांबलेलं थांबून राहतं, चाललेलं त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहतं, बाहेरून असंतुलित बल लागेपर्यंत. शब्द आळसाचाच राहिला, अर्थ मात्र दुप्पट झाला. तुमचं जोडपं दुसऱ्या अर्ध्यातलं.

भुसावळ
रेल्वेतल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. जितकी जड तितकी थांबवायला अवघड, इतकं सोपं आहे.

नंदुरबार
मग 'रेटा' का नको? आमच्याकडे एकदा सुपारी फुटली की संपलं, आचारी ठरला, वरण-बट्टीचा अंदाज निघाला, पत्रिका वाटल्या, मग पोराला शंका आली तरी तो तोंड उघडत नाही. लिव्ह-इनच लागतं असं थोडंच आहे, ठरवून केलेल्या लग्नातही हेच होतं की.

अमळनेर
होतं, पण तिथे मामा, काका, व्याही सगळे मागून ढकलतायत, ते बाहेरचं बल झालं. रेट्याला रेटणारा लागतो. ताईंच्या जोडप्याला कोणी ढकलत नाहीये, उलट घरच्यांना बऱ्याचदा पत्ताच नसतो, तरी ते त्याच दिशेने चाललेत. ओघही म्हणूनच नको, पाण्याला उतार असतो, उताराला बल असतं. जडत्व हे बलच नाही. न्यूटनने स्वतः त्याला लॅटिनमधे 'जडत्वाचं बल' म्हटलं आणि पुढच्या सगळ्या मास्तरांच्या डोक्याला ताप करून ठेवला ते सोडा.

चोपडा
मधेच घुसतो, पण 'जीव जडला' मधलं जडणं हेच का? कारण मग तर जडत्व शब्द प्रेमाला आयताच बसतो.

जळगाव
नाही हो भाऊ, ते जडणं म्हणजे चिकटणं, बसवणं, जडावाचे दागिने म्हणतो ना ते, सवय जडली, रोग जडला. डोकं जड, अंग जड, जड अंतःकरण, जड जाणं, यातला जड वेगळा, मूळही वेगळं. लग्नाच्या बोलण्यात हाच दुसरा येतो, 'आम्हाला काय पोर जड झाली का', आणि तो ऐकायला बरा नाही, म्हणूनच मला लेखात शब्द जपून वापरायचाय.
सरांनी सांगितलेलं लेखाशी मात्र चपखल जुळतंय. मूळ मांडणी डेन्व्हर युनिव्हर्सिटीतल्या स्कॉट स्टॅन्ली, गॅलीना ऱ्होड्स आणि हॉवर्ड मार्कमन यांची, २००६ ची. त्यांचं म्हणणं असं की एकत्र राहायला लागलं की वेगळं होणं महाग पडत जातं, भाडेकरार, सामान, एकत्र पैसे, आणि त्यामुळे एरवी जी जोडपी वेगळी झाली असती त्यातली काही लग्नापर्यंत पोचतात. सरकत जाणं आणि ठरवणं असे दोन शब्द ते समोरासमोर ठेवतात. एकत्र राहणं वाईट असं ते म्हणत नाहीत, आधी नीट ठरवून मग राहायला लागलेल्यांना ते वेगळं धरतात. इथे लोक एवढंच अर्ध ऐकून भांडायला येतात म्हणून आधीच सांगून ठेवलं.

अमळनेर
मग भाडेकरार, वॉशिंग मशीन म्हणजे वस्तुमान. वस्तुमान हेच जडत्वाचं माप. एकट्यादुकट्याची दिशा ज्या भांडणाने बदलली असती तेच भांडण सामान वाढल्यावर पुरत नाही. छान आहे, वर्गात सांगता येणार नाही एवढंच.

धुळे
लग्न होऊन पंचवीस वर्षं झालेल्यांचं काय मग? आमच्या गल्लीत निम्मे संसार यावरच आहेत, 'चालू शे ना, मंग चालू दे'. भांडण नाही, बोलणं नाही, सोडणंही नाही. हे शुद्ध जडत्व.

पारोळा
भाऊ, इथे मला थांबवावंसं वाटतंय. सर म्हणाले ना, गोळा आपोआप चालत राहतो तो घर्षण काढून टाकल्यावर. संसारात घर्षण कोणी काढून टाकलंय? सासऱ्यांच्या गोळ्या, नळाला पाणी आलं की उठणं, पोरांच्या फीची तारीख, भावकीतल्या लग्नाचा आहेर, हे सगळं रोज कोणीतरी बघतं म्हणून ते 'चालू शे'. म्हणजे बल लागतंय, रोज लागतंय, फक्त ज्याला लावावं लागत नाही त्याला गाडी आपोआप चाललेली दिसते. आणि तुमच्या गल्लीत 'चालू दे' कोण म्हणतं ते एकदा बघा, ती म्हणते का तो. याला जडत्व म्हणू नका, ते फिजिक्सलाही धरून नाही.

धुळे
तो म्हणतो. मान्य.

अमळनेर
पारोळ्याच्या ताईंना पैकीच्या पैकी मार्क. घर्षणाइतकंच बल लावत राहिलं तर वेग तोच राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं बलच नाही. परीक्षेत पोरं इथेच मार्क घालवतात.

जळगाव
मग माझ्यापुरतं असं ठरवते की न ठरवता लग्नापर्यंत पोचणं यालाच 'गतीचं जडत्व' लिहायचं, पूर्ण, पहिल्यांदा येईल तिथे तरी, आणि जुन्या संसाराबद्दल हा शब्द वापरायचाच नाही. वाक्य असं केलंय, 'लग्न करायचं असं दोघांपैकी कोणीच ठरवलं नव्हतं, एकत्र राहण्याच्या गतीनेच ते लग्नापर्यंत गेले.'

पारोळा
'गतीनेच' नको, घाई केल्यासारखं वाटतं. घाई तर कोणीच केली नव्हती.

जळगाव
बरोबर. 'एकत्र राहण्याच्या जडत्वानेच' करते, आणि मैत्रिणीला परत वाचायला देते.