मदत हवी आहे: त्वचारोगतज्ज्ञांची तपासणी आणि बायॉप्सी आरोग्य विम्यात बसते का?

नमस्कार. मी डिचोलीत राहतो. माझ्या आईच्या (वय ६१) दोन्ही कोपरांवर गेल्या दीड वर्षापासून लालसर चट्टे आहेत आणि त्यांवरचा पांढरा कोंडा गडद रंगाच्या साडीवर सांडलेला दिसतो. कडुलिंबाचा पाला, खोबरेल तेल वगैरे सर्व करून झाल्यावर अखेर म्हापशातील एका त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांना सोरायसिस या त्वचारोगाचा संशय असून त्यांनी बायॉप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणे) आणि त्यानंतर दर महिन्याला तपासणी सांगितली आहे.

आईच्या नावावर ५ लाखांची पॉलिसी आहे; तिला येत्या ऑगस्टमध्ये दोन वर्षे होतील. एजंट म्हणतात, "सगळं कव्हर आहे, बिलं जपून ठेवा." हेल्पलाइनवर मात्र ओपीडीचे (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचे) काहीच मिळत नाही असे सांगण्यात आले. लेखी द्यायला दोघेही तयार नाहीत, म्हणून पॉलिसीचे कागद मीच वाचून काढले. किमान २४ तास दाखल झाल्यास होणारा खर्च, डे-केअर उपचार (दाखल होऊन त्याच दिवशी घरी सोडले जाते असे), तसेच दाखल होण्यापूर्वीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस यांतील तपासण्या व औषधे एवढेच त्यात आहे. ओपीडीचा वेगळा लाभ नसल्याने डॉक्टरांच्या फीची आशा मी सोडलीच आहे. बायॉप्सीचा मात्र उलगडा होत नाही. जागेपुरती भूल, एखाद-दुसरा टाका आणि तासाभरात घरी, अशा प्रक्रियेला कंपनी डे-केअर मानते की ओपीडी?

खरी काळजी वेगळीच आहे. कधीपासून आहे असे डॉक्टरांनी विचारल्यावर आई सहज म्हणाली, "जालीं आसतलीं दोन-तीन वर्सां." डॉक्टरांनी केसपेपरवर 'तीन वर्षांपासून' असे लिहिले. पूर्वी पावसाळ्यात उठणारी खाज तिने त्यातच धरली असावी. पण या एका ओळीमुळे आजार पॉलिसीच्या आधीचा ठरला, तर प्रतीक्षा काळ (पूर्वीच्या आजाराचा खर्च मिळत नाही ती सुरुवातीची वर्षे) दाखवून कंपनी पुढचे सर्वच दावे नाकारेल. पॉलिसीतील व्याख्येप्रमाणे, पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान झाले किंवा ज्यावर डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिला, तो पूर्वीचा आजार. आई तर यासाठी पहिल्यांदाच डॉक्टरांची पायरी चढली. हा मुद्दा दाव्याच्या वेळी टिकतो का?

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आमच्याकडे आहे, परंतु ते दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी असल्याने येथे उपयोगी नाही. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयाच्या) त्वचा विभागात दाखवण्याचा पर्याय खुला आहे. मात्र गुडघेदुखीमुळे आईला तिथल्या रांगेत फार वेळ उभे राहता येत नाही.

तेव्हा ज्यांनी असा दावा प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी कृपया सांगावे: केसपेपरवरील कालावधी डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी दुरुस्त करून घेता येतो का, की खाडाखोड दिसल्यास संशय अधिकच बळावतो? आणि बायॉप्सीबद्दल कंपनीला ईमेलने विचारल्यास लेखी उत्तर मिळते का? बायॉप्सी पुढच्या गुरुवारी आहे.