1-0 ने जिंकलो, पण रविवारी बरोबरीवर खेळायचं का?

प्रश्न: फुटबॉल लीगमध्ये कूपरेज मैदानावर आम्हाला तीन गुण मिळाले, पण शेवटची वीस मिनिटं बॉल आमच्याच बॉक्समध्ये होता. आता विजेतेपदाची लढत, प्रतिस्पर्धी एका गुणाने मागे. बरोबरी पुरते. 4-4-2 (चार डिफेंडर, चार मधल्या फळीत, दोन स्ट्रायकर) ठेवू की बचाव वाढवू?

उत्तर: बरोबरीच्या हिशोबाने उतरू नका. 15 एप्रिल 2024 ला मुंबई सिटीला आयएसएलच्या शील्डसाठी, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याच्या ट्रॉफीसाठी, कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. 28व्या मिनिटाला बागानच्या लिस्टन कुलासोने गोल केला, सगळं गणित फिरलं. 2-1 ने मोहन बागान जिंकलं.

उत्तर: खरी गळती प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरवर असते. सगळे अकरा जण आत आले की हेड मारून काढलेला बॉल परत त्यांच्याच पायात जातो. गोलीसमोर सहा यार्डाच्या रेषेवर उंच तिघं, पहिल्या पोस्टला एक. त्यांच्या हेडरवाल्यांना चौघं चिकटून. एक जण डी च्या (बॉक्ससमोरच्या अर्धगोलाच्या) टोकावर, फक्त दुसऱ्या बॉलसाठी, म्हणजे हेड मारून काढलेला बॉल पकडायला. आणि एक वेगवान पोरगा मध्यरेषेवर ठेवाच, त्याच्यासाठी त्यांचे दोन डिफेंडर मागे थांबतात. बॉल बॉक्सबाहेर काढला की अख्खी लाईन पळत अठरा यार्डापर्यंत वर. आपला एक जण जरी मागे रेंगाळला तरी त्यांना ऑफसाईड पकडायची संधी गेली!

उत्तर: वरच्याशी सहमत. पण दमलेले पाय वर येत नाहीत. साठाव्या मिनिटाला विंगर बदला, ऐंशीव्याला नाही. पुढे असाल तर एक स्ट्रायकर मधल्या फळीत ओढून 4-5-1 करा. शुक्रवारी धावपळ नको, अर्धा तास फक्त कॉर्नर.