सर्व्हर उठला नाही, आणि दोष जर्नलच्या माथी?

अंबडकर

काल गोदाकाठ यांनी लिहिलं की दिंडोरीच्या पॅकहाऊसमधला सर्व्हर रात्री वीज जाऊन आल्यावर उठलाच नाही. सकाळपर्यंत शीतगृहाच्या तापमानाची एकही नोंद नाही. नंतर जर्नल (लिनक्स सुरू करून सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीची नोंदवही) उघडलं तर त्या रात्रीचं अक्षरही नाही. ही नोंदवही बायनरी असते, खास प्रोग्रामशिवाय वाचता येत नाही, म्हणून निकाल लावून मोकळे: "बायनरी लॉग म्हणजे झाकली मूठ. टेक्स्ट फाइल असती तर पाच मिनिटांत कळलं असतं."

हे वाचून गप्प बसवेना. तुम्ही स्वतःच लिहिलंय की मशीनवर डेबियन १० ही लिनक्स आहे आणि एसएसडी भरते म्हणून कुणीतरी आरसिसलॉग (टेक्स्ट फाइलमध्ये नोंदी लिहिणारा प्रोग्राम) काढून टाकला होता. डेबियन १० मध्ये /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर आपोआप बनत नाही. ते नसलं की जर्नलडी, म्हणजे जर्नल लिहिणारा प्रोग्राम, सगळं /रन मध्ये लिहितो, म्हणजे मेमरीत. मशीन बंद, नोंद गेली. 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' मारा, साठलेल्या नोंदींतला प्रत्येक बूट एका ओळीत दिसतो. एकच ओळ दिसली तर बायनरीला शिव्या घालू नका, ते फोल्डर बनवा आणि जर्नलडी रिस्टार्ट करा. डेबियन ११ पासून नव्या मशीनवर ते आपोआप मिळतं.

आणि मशीन का उठलं नाही, तेही तुमच्याच वर्णनात आहे. यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी), पुढे 'नोफेल', म्हणजे 'नसली तरी पुढे चला', नाही. डिस्क दिसली नाही की ९० सेकंद वाट बघायची आणि इमर्जन्सी मोडमध्ये जायचं, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरतं उठायचं, हे ठरलेलंच. त्या अवस्थेत आरसिसलॉग सुरूच होत नाही. मग तुमच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिणार कोण?

गोदाकाठ

लिस्ट-बूट्सला एकच ओळ आहे. मान्य. पण बाकीचं एसीत बसून सुचलेलं आहे.

पहाटे साडेचारला मी तिथे उभा होतो. आत द्राक्षाचे क्रेट, बाहेर गाडी भरायला तयार. स्क्रीनवर लिहिलेलं, लॉगिन करा आणि 'जर्नलसीटीएल -एक्सबी' मारा. करणार कसं? त्याच्याच खाली दुसरी ओळ: रूट (मुख्य अ‍ॅडमिन) खातं लॉक आहे, एंटर दाबा. एंटर दाबलं की पुन्हा तेच. तीनदा, चारदा. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर डेबियन ते खातं लॉक करतं, आणि नेमकं अडीनडीला दार बंद. ही कुठली रचना?

जुनं_खोड

गोदाकाठ, लाख बोललात. लेनर्ट पॉटरिंगने २०१० मध्ये हे सिस्टमडी आणलं, २०१५ मध्ये डेबियन ८ मध्ये आलं, आणि तेव्हापासून बूटला साध्या दोन ओळी चालवायच्या तरी युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) लिहा म्हणतात. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं सिसव्ही या जुन्या पद्धतीवर मशीन चालवलं, लॉग 'टेल' मारून बघायचो.

आणि अंबडकर, फोल्डर बनवलं म्हणजे सुटलात असं समजू नका. जर्नलडी साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करतो दर पाच मिनिटांनी. गंभीर पातळीची नोंद असेल तरच लगेच. वीज गेली की शेवटची पाच मिनिटं जाऊ शकतात. माझ्याकडे तर पुढच्या बूटला फाइलच खराब म्हणून बाजूला टाकली, नावाच्या शेवटी ~ लावून. डिस्क काढून दुसऱ्या जुन्या मशीनला लावली, तर तिथला जर्नलसीटीएल फाइल उघडेना. २०२० नंतर कॉम्प्रेशन बदललं, जुन्याला ते कळत नाही. टेक्स्ट फाइल मी कुठेही उघडली असती.

सिडको_बॅटरी

कुणी यूपीएसबद्दल का बोलत नाही? वीज गेली तेव्हा यूपीएस काय करत होता?

गोदाकाठ

होता. दोन मिनिटांत बंद पडला.

सिडको_बॅटरी

हेच! माझा धंदाच हा आहे. यूपीएस कॉम्प्रेसरच्या खोलीत, भिंतीला चिकटून ठेवतात. उन्हाळ्यात तिथे हात ठेववत नाही. उष्णतेत बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. उघडून बघा, १२ व्होल्टच्या डब्याला फुगवटा आलेला असेल. आणि मागे यूएसबीची वायर असते, ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून. ती सर्व्हरला जोडून नट हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसवला तर बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद होतं. जर्नलही नीट बंद होतं, ~ वगैरे काही नाही.

जुनं_खोड

यूपीएसला एवढे पैसे घालण्यापेक्षा इन्व्हर्टर लावा.

सिडको_बॅटरी

काका, असा सल्ला देऊ नका. साध्या मोडवरचा इन्व्हर्टर पलटायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का, कुणी बघत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका दवाखान्यात रोज दुपारी दोनला मशीन बंद, सगळे विंडोजला शिव्या देत होते. बटण होतं ते.

जुनं_खोड

माझ्या घरी सहा वर्षं इन्व्हर्टरवर चालतंय. धंदा तुमचा, म्हणून बॅटरी विकायची घाई.

सिडको_बॅटरी

तोंड सांभाळून. मी कुणाला काही विकलेलं नाही इथे.

अंबडकर

दोघंही थांबा.

काका, पाच मिनिटांचं बरोबर आहे. जर्नलडी.कॉन्फमध्ये 'सिंकइंटरव्हलसेक' कमी करता येतो, पण तो मुळात तसा यायला हवा होता असं मलाही वाटतं. जुना जर्नलसीटीएल नवी फाइल वाचत नाही, हेही खरं. म्हणून मी आरसिसलॉग काढत नाही, दोन्ही ठेवतो.

गोदाकाठ, एसीचं बोललात ते लागलं. माझ्या शेडमध्ये पंखाच आहे. पण रूट लॉकच्या बाबतीत तुमचंच खरं, पहाटे साडेचारला माणसाला ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) जाऊन 'इनिट' बदलायला सांगणं बरं नव्हे. आज रूटला पासवर्ड द्या.

एक मात्र सोडणार नाही. नुसतं 'नोफेल' टाकलंत तर मशीन उठेल, पण डिस्क नसेल तेव्हा तापमानाचा प्रोग्राम रिकाम्या फोल्डरमध्ये लिहील आणि एसएसडी परत भरेल. त्याच्या युनिटमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' घाला. डिस्क नाही तर सर्व्हिस सुरूच होऊ नये, निदान कळेल.

गोदाकाठ

सगळं केलं. रूटला पासवर्ड दिला, आरसिसलॉग परत टाकला. यूएसबी डिस्क काढून ठेवली आणि भिंतीतला प्लग ओढला. मशीन उठलं, तापमानाची सर्व्हिस बंदच, लिस्ट-बूट्सला दोन ओळी. बायनरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

यूपीएस उघडला. दोन्ही डबे फुगलेत. सिडको_बॅटरी, नवे घेताना काय बघायचं ते सांगा.