२४ × ३६ इंचाच्या कॅनव्हासला कुठलं अ‍ॅक्रिलिक घ्यावं: हेवी बॉडी, फ्लुइड की बाटलीतलं?

घाटकाठ

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाचं पावसाळी चित्र करायचं आहे. सुती कॅनव्हास ताणून घेतलाय, पण अजून कच्चाच आहे. वरच्या अर्ध्या भागात ढगाळ आकाश आहे, तिथं राखाडी छटा एकमेकींत विरघळल्या पाहिजेत. खाली काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि दीपमाळा, त्या सुरीनं जाड करायच्या आहेत. दुकानात १५ मिलीच्या बाटल्या, स्टुडंट ट्यूब, आर्टिस्ट ट्यूब, हेवी बॉडी, फ्लुइड असं सगळंच दाखवतात आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. एकच प्रकार घ्यावा की मिसळून चालतील? चित्र शाहू स्मारकच्या कलादालनात लावायचा विचार आहे, त्यामुळं रंग उडून चालणार नाही.

सुरीवाला

मिसळून चालतात. सगळ्यांचा पाया एकच, पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक इमल्शन. पाणी उडालं की त्यातले कण एकमेकांना चिकटतात आणि पापुद्रा तयार होतो. फरक असतो तो घट्टपणात आणि रंगद्रव्य किती घातलंय त्यात.

हेवी बॉडी लोण्यासारखा असतो, सुरीची किंवा ब्रशची खूण वाळल्यावरही तशीच राहते. तुमच्या पायऱ्यांना हाच पाहिजे. फ्लुइड पातळ असतो, पण पातळ म्हणजे कमअस्सल नव्हे. चांगल्या कंपनीच्या फ्लुइडमध्ये रंगद्रव्य भरपूर असतं. हेवी बॉडीत पाणी ओतून फ्लुइड करायला जाऊ नका. कच्च्या कॅनव्हासवर किंवा कागदावर ते पाणी शोषलं जातं, पण आधीच्या वाळलेल्या थरावर फार पाणी घातलेला रंग नीट धरत नाही, ओल्या बोटानं निघूनही येतो. रंगाच्या पाव भागापर्यंत पाणी ठीक. त्याहून पातळ हवा असेल तर ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी अ‍ॅक्रिलिक द्रव) घाला.

बाटलीतले बरेचसे रंग कापड आणि हस्तकलेसाठी बनवलेले असतात. कापड धुतलं, दुमडलं तरी रंग तडकू नये म्हणून त्यांचा बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग, मऊ ठेवतात. कॅनव्हासवर त्याचा पापुद्रा मऊ राहतो आणि धूळ धरतो. कुर्त्यावर झकास, इथं नको.

आणि जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर, विसरू नका. कच्च्या कापडावर दोन हात तरी द्या. पहिला थोडा पातळ करून आडवा, दुसरा उभा, मध्ये वाळल्यावर पॉलिश पेपर हलका फिरवायचा. नाहीतर आकाशाचा निम्मा रंग कापडच पिऊन टाकतं.

पीबी२९

वरचं सगळं बरोबर, पण भावा, ट्यूबवरचं मोठं नाव वाचून खरेदी करू नको, मागचा रंगद्रव्याचा कोड वाच. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५:३ म्हणजे थॅलो ब्लू, पीबीआर ७ म्हणजे बर्न्ट सिएना आणि अंबर या मातीच्या रंगांचं कुटुंब, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम व्हाइट. एका ट्यूबवर एकच कोड असेल तर मिश्रणं स्वच्छ येतात. तीन-तीन कोडवाल्या ट्यूब एकमेकींत मिसळल्या की चिखल होतो. कोडच छापलेला नसेल तर आत काय आहे आणि ते उन्हात टिकेल का हे कळायला मार्ग नाही. ‘ह्यू’ लिहिलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं वापरून तशी छटा आणलेली असते. ते वाईटच असतं असं नाही, कोड बघून ठरवायचं.

स्टुडंट रंगात रंगद्रव्य कमी आणि भराव जास्त. पांढऱ्याची दोन-दोन बोटं घालूनही झाकत नाही, शेवटी तेवढेच पैसे जातात. तरी तळथराला स्टुडंट ट्यूब चालते, तिथं उगाच महागडा रंग संपवू नका.

या चित्राला रंगही फार लागणार नाहीत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून घाटाच्या दगडाचा अस्सल काळा येतो. निळा जास्त घातला तर पावसात भिजलेला दगड, तपकिरी जास्त घातला तर उन्हातला. तयार काळा घ्यायचीच गरज नाही. बाकी एक पिवळा (पीवाय ७४), एक क्विनॅक्रिडोन गुलाबी (पीआर १२२), थॅलो ब्लू आणि पांढरा. पांढरा १२० मिलीचा घ्या, आकाशात तोच संपतो. बाकीचे ४० मिलीचे पुरतात. थॅलो मात्र सुरीच्या टोकावर येईल एवढाच, नाहीतर सगळं आभाळ निळसर हिरवं होऊन बसेल.

घाटकाठ

कोडचं लई भारी झालं. दोन शंका आहेत. पॅलेटवर राखाडी जुळवला की कॅनव्हासवर वाळून तो गडद होतो. आणि आकाश एवढं मोठं की एक कड मिसळेपर्यंत दुसरी वाळते. त्यासाठी ते सावकाश वाळणारे ‘ओपन’ अ‍ॅक्रिलिक घ्यावेत का?

ओलाकुंचला

गडद होतो कारण ओलं इमल्शन दुधाळ असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं. गडद, पारदर्शक छटांत हा फरक जास्त दिसतो, पांढरा भरपूर असलेल्यांत कमी. उपाय साधा: मिश्रणाचा फटकारा जेसो दिलेल्या पुठ्ठ्यावर मारा, हेअर ड्रायरनं वाळवा, मग जुळवा. आणि आकाशाचे तीन-चार मुख्य राखाडी डब्यांत आधीच भरपूर करून ठेवा, अर्ध्यावर संपले तर पुन्हा तीच छटा जुळत नाही.

‘ओपन’बद्दल माझं मत वेगळं आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते उपयोगी. जुलैत कोल्हापूरची हवाच इतकी दमट की साधं अ‍ॅक्रिलिकही मिसळायला वेळ देतं. त्यावर ‘ओपन’ वापरलं तर थर कितीतरी दिवस चिकट राहील. साधे रंगच घ्या आणि आकाशाच्या मिश्रणात रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला, पण दहा टक्क्यांच्या आत. जास्त झाला की पापुद्रा धड वाळत नाही. काम करताना कॅनव्हासवर स्प्रे बाटलीनं पाण्याचा बारीक तुषार मारत राहा. पॅलेटसाठी पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर, झाकण लावून ठेवलं की रंग दुसऱ्या दिवशीही चालतो.

सुरीवाला

पायऱ्यांबद्दल राहिलं होतं. उठाव आणायला सगळा रंगच वापरू नका, हेवी जेल (रंग घातलेला नाही असं घट्ट अ‍ॅक्रिलिक) मिसळा. जेल वाळून पारदर्शक होतं, त्यामुळं दगडाचा गडदपणा टिकतो. उठावासाठी मिळणारी घट्ट मॉडेलिंग पेस्ट पांढरी असते, तिच्यात काळा मिसळला की राखाडीच होतो. पेस्ट वापरायचीच तर आधी उठाव करा, वाळू द्या, मग वरून रंगवा. एकदम जाड लेप दिला की वरचं कातडं आधी वाळतं, आतला भाग नंतर आकसतो आणि भेगा पडतात. थरावर थर द्या, आणि घाई म्हणून जोराचा पंखा त्यावर लावू नका.

ओलाकुंचला

व्हार्निश शेवटचा हात मारल्याबरोबर नको. पातळ भागाला दोन आठवडे पुरतात, जाड पायऱ्यांना पावसाळ्यात महिन्याहून जास्त द्या. आत ओल असताना किंवा पाऊस चालू असताना व्हार्निश मारलं की पांढरट झाक धरते. उघडीप मिळेल तो दिवस निवडा. पुढं कधी व्हार्निश काढून बदलता यावं म्हणून त्याखाली सॉफ्ट जेल ग्लॉस (मऊसर, चकचकीत वाळणारं जेल) दोन भाग आणि पाणी एक भाग असा एक हात द्या.

चित्र ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते. नेताना बबल रॅपचे फुगे रंगाला लागू देऊ नका, उबेनं अ‍ॅक्रिलिक मऊ होतं आणि गोल ठसे उमटतात. आधी सिलिकॉनचा बेकिंग पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. वर्तमानपत्र अजिबात नको, चिकटलं तर अक्षरं पायऱ्यांवर राहतील.