हुमणीचे (उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे झाडावर दिसतायत, काय करू?

दौंडचा ऊसवाला: काल वळवाचा पाऊस झाला. संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगेऱ्यांचा नुसता घोंघाट. औषध आत्ता सोडू की ऊस पिवळा पडल्यावर?

शिरूरकर: दादा, पिवळा पडेपर्यंत अजिबात थांबू नका! तोवर अळी मोठी होते, मुळं खाऊन बसते, ऊस हातानं ओढला तरी उपटून येतो. भुंगेरे आत्ता हाताशी आहेत. दिवस मावळला की ते मातीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, तिथंच मिलन होतं आणि पहाटे पुन्हा मातीत जातात. जेवणं उरकली की खाली ताडपत्री टाका, आकडीनं फांद्या गदागदा हलवा, पडलेले रॉकेलच्या पाण्यात टाका. मादीनं अंडी घालायच्या आत हे व्हायला हवं. शेजाऱ्यांनाही बोलवा, एकट्याच्या झाडानं भागत नाही.

दौंडचा ऊसवाला: आज रात्रीच भावकीला घेऊन जातो. जमिनीतल्या अळ्यांचं?

हडपसरची ताई: मेटारायझियम शेणखतात मिसळून द्या, पण ओल असतानाच. ही बुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते. कोरड्या रानात तिचा उपयोग नाही.